जानकीचे हात

सन्माननीय अध्यक्ष श्री. श्यामसुंदरराव कारखानीस, व्यासपीठावर बसलेल्या आपल्या बालवाडीच्या प्रमुख प्रेमाताई, मंडळाचे पदाधिकारी आणि मुलुंडमधल्या माझ्या बंधुभगिनींनो,

शाल दिलीत, हार घातलात, आणि इतकं गोड बोललात की हे दुसऱ्याच कुणाविषयी चाललंय असं वाटलं. अध्यक्षमहाराज म्हणाले, डॉक्टरीणबाई प्रकृतीमुळे मंडळाचा दवाखाना सोडताहेत. माझी प्रकृती ठणठणीत आहे. कारण ओघात येईलच.

मघाशी प्रेमाताई कानात म्हणाल्या, "बाई, रडकं बोलू नका हं. थंडी पडलीय, बायकांना त्वचेविषयी काही उपयोगाचं सांगा." ठीक. सांगते.

आपल्या कातडीत देवाने थोडं तेल ठेवलेलं असतं. कडकडीत पाणी, रोजचा कडक साबण, धुण्याचा सोडा आणि हा डोंगरावरून येणारा कोरडा वारा, हे सगळे मिळून ते तेल काढून नेतात. मग खाज, पांढरा कोंडा, भेगा. काहींची त्वचा जन्मतःच कोरडी असते, घराण्यात चालत येते. उपाय महाग नाही. पाणी कोमट घ्या. साबण लागेल तिथेच. अंग खसाखसा पुसू नका, टिपा. आणि ओलसर आहे तोवरच खोबरेल चोळा, म्हणजे पाणी आत टिकतं. भेगांना रात्री व्हॅसलीन लावून वर जुनं सुती फडकं. ग्लिसरीन नुसतं लावाल तर झोंबेल, त्यात गुलाबपाणी घाला. आणि त्या सुवासिक स्नो क्रीमने चेहरा गुळगुळीत दिसतो, कोरडेपणा जात नाही. बाटली जितकी देखणी तितका तिच्यावर माझा विश्वास कमी.

हेच सगळं मी छप्पन सालच्या थंडीत जानकीला सांगितलं होतं.

जानकी कोण, विसरलात? बालवाडीत मुलांना खाऊ घालायची ती. मालवणकडची, नवरा सहदेव भांडुपच्या कारखान्यात. मुलांची ताटं, दुपटी, सतरंज्या, सगळं ती सोड्याच्या गरम पाण्यात धुवायची, कारण स्वच्छतेचा तसा आपलाच नियम होता. त्या थंडीत तिचे हात फुटले. पायाच्या नळ्यांवर तर लहानपणापासूनच माशाच्या खवल्यांसारखी कातडी. तिच्या आईचीही तशीच. एका पालकबाईंनी ते पाय पाहिले आणि संध्याकाळपर्यंत एकच शब्द घरोघर पोचला: महारोग.

मी तिला तपासलं. डोळे मिटायला लावून कापसाची बारीक वात हातापायांवरून फिरवली. महारोगाच्या चट्ट्याला स्पर्श कळत नाही. जानकी प्रत्येक वेळी नेमकी जागा सांगत होती आणि हसत होती. "बाय, थय नको, गुदगुल्या होतत!" तिचं हसणं मी शेवटचं ऐकलं ते तेव्हा.

पुढे उपचाराने तिचे हात भरून आले, अगदी मऊ झाले. मी मंडळाच्या समितीपुढे उभी राहून सांगितलं, हा रोग नाही, ही कोरडी त्वचा आहे. अध्यक्षमहाराजांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "डॉक्टर, तुमच्या ज्ञानाविषयी शंकाच नाही. पण पालकांच्या भावनांचं काय?" प्रेमाताई म्हणाल्या, "मला पटतंय हो. पण मुलं काढून घेतली तर बालवाडीच बंद पडेल." सगळ्यांना पटलं होतं! आणि पटूनही सगळ्यांनी हात वर करून तिला काढलं.

पुढचं तुम्हाला माहीत नसेल, कारण कुणी विचारलंच नाही. मंडळानेच काढलं म्हटल्यावर ती राहायची त्या चाळीला पुरावा मिळाला. आधी तिला नळावर येऊ देईनात. मग संडासाला कुलूप. सहदेवने महिनाभर तोंड दिलं. मग तोही थकला आणि तिला महारोग्यांच्या आश्रमात घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "हिला काहीच झालेलं नाही. निरोगी बाईला इथे ठेवता येत नाही." दारातून परत! रोग नाही म्हणून आश्रमात जागा नाही, आणि रोग आहे म्हणून घरात नाही. सांगा, अशा बाईने जायचं कुठे?

ती दहिसरला भावाकडे गेली. परसातल्या पडवीत वेगळी चूल मांडून राहते. पोरगी नलिनी बापाजवळ असते. आईला भेटून आली की तिला आंघोळ केल्याशिवाय घरात घेत नाहीत. मागच्या महिन्यात मी गेले होते. जानकीने दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले. म्हणाली, "हात बरे झाले गो बाय. पण बगतलो कोण?"

परत येऊन मी अध्यक्षांना विचारलं, तिला आता माझ्या दवाखान्यात कामाला घेऊ का? ते म्हणाले, "झालं ते झालं. आता कशाला उकरून काढायचं?" दुसऱ्या दिवशी मी राजीनामा दिला. ही माझी प्रकृती.

टाळ्या नकोत. कृपा करून नकोत.

तुम्ही पुष्कळांनी मला खूप माया दिलीत, अडीअडचणीला धावून आलात, त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. आज आनंदाच्या सभेत मी कडू बोलले. कुठे शब्द जास्त लागला असेल तर पदरात घ्या. यजमानांनी पाहुणचारात काही कमी केलं नाही, उणीव असेल ती माझ्या बोलण्याची.

एवढंच सांगते आणि बसते. आजच्या समारंभाला जानकीला मी स्वतः बोलावलं होतं. ती म्हणाली, "नको बाय. मी इलंय तर माणसां उठान जातली." मी तिला म्हटलं, नाही गं, मुलुंडची माणसं आहेत ती, उठून नाही जायची.

ती आली नाही. आणि खरं सांगू? मला सुटल्यासारखं वाटलं.