दवाखान्यातल्या दोन बादल्या

देशाची निवडणूक आठवड्यावर आली होती आणि रुमेनियातल्या त्या गावच्या दवाखान्याचं छप्पर गळत होतं. गळतीखाली दोन बादल्या होत्या, एक लाल, एक निळी. दोन्ही प्रचारात घरोघरी वाटलेल्या, दोन्हींवर पक्षप्रमुखांचे हसरे चेहरे. इलिंका डॉक्टरची वाट बघत होती. तिच्या मागच्या बाकावर म्हातारी झाम्फिरा आणि शेजारी तोआदर बोलत होते.

"लालवाल्याला मत देणार का हो, तोआदरभाऊ?"

"त्या चोराला? चार वर्षं तोंड दाखवलं नाही लेकाच्यानं!"

"मग निळा?"

"तो तर त्याच्याहून लबाड. त्याच्या बादलीची कडी पहिल्याच दिवशी हातात आली."

"आत तेल तरी होतं का?"

"एक बाटली. लालवाल्यानं तेल, साखर, पीठ, सगळं दिलं."

"मग चोर का म्हणता बिचाऱ्याला?"

इलिंकाला राहवेना. ती मागे वळली.

"नव्या पक्षाची ती मास्तरीण म्हणते, आधी दवाखान्यांची छपरं दुरुस्त करू."

"तिनं काय वाटलं गावात?" तोआदरनं विचारलं.

"काही नाही. बादल्या वाटणार नाही म्हणते."

झाम्फिरानं डोक्यावर पडलेला थेंब पुसला.

"ऐकलंत, भाऊ? साधी बादली द्यायची ऐपत नाही, आणि म्हणे छप्पर घालून देणार!"