जिभेवरचं पाणी

सन चौऱ्याहत्तर. सोलापूरच्या स्टँडवर पुण्याच्या गाडीच्या रांगेत माझ्यापुढं एक म्हातारा रंगारी आणि त्याची लेक उभी होती.

“शालन, त्या प्रयोगशाळेत करतीस तरी काय?”

“बेडकाच्या अंड्यातल्या कोवळ्या पेशी पाण्यात वाढवते, आबा. साध्या पाण्यात त्यांची कातडी होते. क्षार बरोबर पडला, की त्यांचेच मज्जातंतू होतात.”

“आपल्या सूत रंगवण्यावानीच की! सोडा चुकला की लाल रंग विटका. तुझी आई होती तवर कधी चुकला न्हाय. रंगाच्या हौदाचं पाणी जिभेला लावून सोडा कमी का जास्त सांगायची.”

“तीन महिने नुसती कातडीच होत होती, आबा. शेवटी मीबी पाणी जिभेला लावलं. क्षार कमी होता.”

“मग?”

“वाढवला. तंतू आले. पर जिभेला लावताना सरांनी बघितलं, लई रागावले. कुणी शिकवलं म्हणाले.”

“काय सांगितलंस?”

“आई रंगारीण होती म्हणलं.”