इंजिन लागलं का?

वेणीमाधव : बंद पडली.

अवनी : नाही पडली बाबा, चालू आहे.

वेणीमाधव : मग आवाज कुठाय? चौतीस वर्षं इंजिन कारखान्यात काढली मी. नुसत्या आवाजावरून सांगायचो कुठला नट ढिला आहे ते. ही मेलेली गाडी आहे.

अवनी : जपानी हायब्रिड आहे ती. हळू चालली की बॅटरीवर, वेग घेतला की पेट्रोलचं इंजिन आपोआप लागतं. म्हणून तर अ‍ॅव्हरेज एवढं देते. शोरूमवाला सांगत होता तेव्हा तुम्ही मान हलवत होतात.

वेणीमाधव : मान हलवली म्हणजे समजलं असं थोडीच असतं? निघू?

अवनी : निघा. रिंग रोड मोकळा आहे. सोमवारपासून आईला लंका चौकात फिजिओथेरपीला तुम्हालाच न्यायचंय, मला बँकेतून निघता येणार नाही. आजच हात बसवून घ्या.

वेणीमाधव : अरे वा! लोण्यासारखी जाते गं. आपल्या स्कूटरसारखी. तीही जपानीच. अठरा वर्षं झाली, पण इंजिन बघ, दिवसेंदिवस मऊच होत चाललंय.

अवनी : मऊ? आपली स्कूटर?

वेणीमाधव : मग! हल्ली तर सुरू आहे की नाही, हात लावून बघावं लागतं.

अवनी : ...साठचा स्पीड झाला बघा. आता इंजिन लागलं. ऐका.

वेणीमाधव : कुठे?

अवनी : हे काय, घुमतंय की!

वेणीमाधव : बॅटरीच आहे अजून. तूच म्हणालीस, आवाज नसतो.

अवनी : बॅटरीला नसतो. हे पेट्रोलचं आहे. स्क्रीनवर दाखवतंय बघा.

वेणीमाधव : स्क्रीन चुकत असेल.

अवनी : बाबा, डावीकडे घ्या! मागे ट्रक आहे, केव्हाचा हॉर्न देतोय!

वेणीमाधव : कुठला ट्रक?

अवनी : बायें, बाबा, बायें! हां... आता थांबवा. इथेच, कडेला.

(गाडी उभी राहते. ट्रक शेजारून निघून जातो.)

वेणीमाधव : हा हॉर्न देत होता?

अवनी : सारखा.

वेणीमाधव : काच बंद होती.

अवनी : माझ्याकडचीही बंदच होती, बाबा.

वेणीमाधव : थांब, थांब. मला कळू दे. या गाडीला आवाज नाही, हे तर खरं ना?

अवनी : आधी नव्हता. नंतर होता.

वेणीमाधव : मला तर दोन्ही सारखंच वाटलं. मग गाडी गप्प कुठवर होती आणि बहिरा मी कुठून झालो, हे कसं कळायचं?

अवनी : बाबा...

वेणीमाधव : आणि स्कूटर? तो मेकॅनिक म्हणाला होता, चाचा, साइलेंसर फट गया है. मी त्यालाच वेड्यात काढलं. म्हटलं, जपानी माल तुला काय कळणार!

अवनी : फुटलाच आहे. तुम्ही गल्लीच्या तोंडाशी असता ना, तेव्हाच घरात कळतं. आई चहा टाकते.

वेणीमाधव : शरदिनीला माहीत आहे? माझ्या कानांचं?

अवनी : दिवाळीपासून. तुमच्या उजव्या बाजूला येऊन बसते, ते उगीच नाही. त्या कानाने जरा बरं ऐकू येतं तुम्हाला. मीही केव्हाची ओरडूनच बोलतेय.

वेणीमाधव : मला वाटलं, राग गेला म्हणून जवळ बसते.

अवनी : तेही असेल.

वेणीमाधव : मग सोमवारी तिला कोण नेणार?

अवनी : बघते. फिजिओवाल्यांकडे सकाळी लवकरची वेळ मागते. आधी तुमचे कान दाखवू. मशीन लावलं की परत चालवा.

वेणीमाधव : आणि तरी नाही ऐकू आलं तर?

अवनी : माहीत नाही बाबा. सच में, नहीं पता.

वेणीमाधव : हं. चल, तू ये इकडे. मी तिकडे बसतो.

अवनी : बेल्ट लावा. हळूच नेते घरापर्यंत.

वेणीमाधव : हळू कशाला? पिकअप तरी बघू दे की मला.