काचेच्या कपाटातला शर्ट

नाव: अनुया पद्मनाभ केळशीकर. वय: ३९. व्यवसाय: बँकेत सॉफ्टवेअर मॅनेजर. राहणार: मरीन परेड, सिंगापूर. जबाब मराठीतून, दुभाष्यासमक्ष.

विचारल्यावरून मी समक्ष सांगते की, माझे पती पद्मनाभ गेल्या वर्षी ऑफिसातच हृदयविकाराने वारले. मुलगी ऋग्वेदा नऊ वर्षांची आहे. गेलेल्या माणसाचे कपडे आमच्यात घरात ठेवत नाहीत, कुणाला तरी देऊन टाकतात. मला ते दुसऱ्याच्या अंगावर बघवले नसते, म्हणून कपाटातच होते.

रुचिर सबनीस हे पतींचे मित्र. तांजोंग पगारला त्यांची कंपनी आहे. जुने सुती कपडे रसायनात विरघळवून नवा धागा काढतो, असे ते सांगत. माझ्या स्वयंपाकघरात बसून, सोऱ्यातून शेव पाडावी तसा धागा कसा पडतो, हे त्यांनी ऋग्वेदाला समजावले. "बाबाच्या शर्टांची तुला शाल करून देतो," म्हणाले. बटणे विरघळत नाहीत म्हणून ती मी स्वतः काढली आणि सगळे शर्ट त्यांच्या हवाली केले. त्यात शेवटच्या दिवशीचा शर्टही होता. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी तो छातीवर कात्रीने कापला होता. "हा आधी विरघळवा, कुणाच्या नजरेला पडता कामा नये," असे मी बजावले. त्यांनी डोळे पुसले.

शाल आली. मुलगी रोज ती पांघरून झोपते. मागच्या रविवारी मी ती धुतली. हवा दमट, बाकीचे कपडे ओलेच, आणि मुलगी इथल्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडली, "आई, बाबाची शाल ड्राय ऑलरेडी लाह!" सूत असे वाळत नाही. मी कडेचा एक धागा काढून निरांजनावर धरला. सूत कागदासारखे जळते, त्याची राख होते. हा धागा वितळला, कडक गोळी झाली आणि प्लास्टिकचा वास सुटला.

दुसऱ्या दिवशी मी न कळवता त्यांच्या ऑफिसात गेले. दारातच काचेच्या कपाटात तो कापलेला शर्ट टांगलेला होता. वर पाटी 'आधी'. शेजारी तसलीच शाल, पाटी 'नंतर'. दोन पाहुणे फोटो काढत होते.

रुचिर म्हणाले, "वहिनी, मशीन अजून बसायचंय. इन्व्हेस्टरला काहीतरी दाखवावं लागतं ना! आणि या शर्टाची स्टोरी लोकांना भिडते." मग कॉफी घेणार का, असे विचारले. मला त्या माणसाची किळस आली. हा शब्द लिहायचा का, असे जबाब घेणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यांनी विचारले. लिहावा. मेलेल्याच्या टाळूवरचे लोणी खाणारी माणसे असतात हे ऐकून होते, त्यातला एक माझ्या घरी पोहे खाऊन गेला.

शर्ट मागितला तर प्रदर्शन संपल्यावर देतो म्हणाले. तो आजच तिथून काढावा, एवढी माझी मागणी आहे.

शाल पुरावा म्हणून जमा करावी लागेल, असे मला सांगण्यात आले. मी ती आणलेली नाही. मुलीला यातले काही माहीत नाही. शालीवाचून तक्रार टिकणे कठीण, हेही मला समजावले आहे.

वरील मजकूर मला मराठीतून वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. शाल उद्या आणाल का, असे सहीपूर्वी पुन्हा विचारले. नाही.

सही: अ. प. केळशीकर