टेम्पोखालचं पोट

तुम्ही कधी टेम्पोखाली वाकून पाहिलंय का? मागच्या दोन चाकांच्या मधोमध एक गोल डबा असतो, त्याला डिफरन्शियल म्हणतात. आमच्या टेम्पोचा डबा आवाज करायला लागला, म्हणून पेणच्या मिस्त्रीने आतले गिअर बदलले. "ऑइल जेवून आल्यावर भरतो," म्हणाला. ऑइलशिवाय टेम्पो हलणार नव्हता, आणि सकाळी धाटावला माल पोचला नाही, तर कंपनीचं काम हातचं जाणार होतं.

तेवढ्यात हमरापूरहून माझा भाऊ आला. तो गणपती रंगवतो. "ताई, डबा गंजलाय. रंगाचा हात मारू?" मी म्हटलं, मार.

मिस्त्री परतला, टेम्पोखाली शिरला आणि लगेच बाहेर आला. "वहिनी, हे पोट कोणाचं?"

भावाने डब्याला अंगाचा रंग दिला होता, खाली पिवळं पितांबर, आणि ऑइल भरायच्या बोल्टाची बेंबी केली होती.

"गोल दिसलं की हात तसाच चालतो," भाऊ म्हणाला. "पुसू?"

"पोट पुसतात व्हय?" मिस्त्री म्हणाला. "पण मी बेंबीला पाना लावणार नाय."

"डबा हाय रे तो!" आमचे हे ओरडले आणि पाना घेऊन स्वतः खाली गेले. थोड्या वेळाने पाना न लावताच बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी पहाटेच मिस्त्री आंघोळ करून आला, चपला काढून टेम्पोखाली शिरला आणि हात जोडून त्याने ऑइल भरलं.