डोळ्याला डोळा

बिबीश : उंबऱ्यात उभी राहू नकोस गं बाई, अपशकुन असतो तो. आत ये. अहो, ऐकलंत का? कुल्झिपा आलीये. तोक्तारची आई.

ओराझाली : (चहाचा वाडगा खाली ठेवत) ओळखलं मी. पण बाई, मला तुझ्याशी बोलता यायचं नाही. निकाल लागला, संपलं. ज्यूरीच्या खोलीतलं बाहेर काढायचं नाही, असा न्यायाधीशासमोर शब्द दिलाय आम्ही.

कुल्झिपा : मला काही विचारायचं नाहीये, अक्साकाल. तुम्ही गावातले थोर, मी तुमची माफी मागायला आलेय.

बिबीश : तू? आणि माफी? अगं, पोरगा तुझा तुरुंगात गेलाय ना?

कुल्झिपा : म्हणूनच, आपा. खटला चालला तितके दिवस तो आरोपीच्या त्या काचेच्या पिंजऱ्यातून यांच्याकडे, सगळ्यांच्याच तोंडाकडे टक लावून बघत होता. थोरामोठ्यांपुढे मान खाली घालावी, एवढीही अक्कल आईने दिली नाही, असं म्हणाला असाल तुम्ही. मी मागच्या बाकावर बसून मरत होते लाजेने.

ओराझाली : बघत होता खरा.

कुल्झिपा : उद्धटपणा नव्हता हो तो. त्याला ऐकू येत नाही.

ओराझाली : काय?

कुल्झिपा : लहानपणी ताप आला, त्यात कान गेले. एकाने जरासं येतं, जवळून. मीच शिकवलं त्याला, समोरच्याच्या तोंडाकडे बघत जा बाळा, ओठ वाच, कुणाला कळणार नाही. आणि खरंच नाही कळलं कुणाला. घोडे शिकवतो तो. घोड्यांशी कुठे बोलावं लागतं?

बिबीश : अगं, मग कोर्टात सांगायचं ना!

कुल्झिपा : सोयरीक ठरली होती. मुलीचा बाप समोरच बसलेला. बहिरा म्हटलं तर लग्न मोडेल, म्हणून मीच त्याला गप्प बसवलं. वकील म्हणत होता, सेइतला मारताना कुणी पाहिलेलं नाही, सुटणारच. मग वकिलालाही सांगितलं नाही. म्हटलं, सुटणारच आहे तर उगाच बोभाटा कशाला.

बिबीश : अहो, तुमचा चेहरा का असा झाला?

ओराझाली : थांब जरा. बाई, न्यायाधीशाने त्याला विचारलं होतं, मेलेल्या सेइतबद्दल तुला काही वाटतं का? तर हा ताठ मानेने म्हणाला, "नाही." सगळ्या कोर्टासमोर!

कुल्झिपा : न्यायाधीश तेव्हा खाली कागदात बघून बोलत होते. ओठ दिसले नाहीत त्याला. त्याला वाटलं, तू तिथे होतास का, असं विचारतायत. भेटीला गेले तेव्हा सांगितलं त्याने. सेइतसाठी तर रडला होता तो, अक्साकाल.

बिबीश : घ्या! आणि घरी येऊन मला काय सांगत होतात? नवी टोपी घालून, छाती फुगवून?

ओराझाली : गप्प बस.

बिबीश : नाही बसणार. "वयाने मोठा म्हणून पहिला शब्द मला दिला. मी म्हटलं, जो थोरांच्या डोळ्याला डोळा भिडवतो त्या बेशरमाच्या हातून काहीही होईल. त्यावर एकानेही तोंड उघडलं नाही." असंच म्हणालात ना?

ओराझाली : दुसरंही होतंच की. घोड्यावरून भांडण झालं होतं त्यांचं.

बिबीश : सेइतशी भांडला नाही असा एक माणूस दाखवा मला बाजारात!

कुल्झिपा : म्हणजे... तो नुसता बघत होता म्हणून?

ओराझाली : (चहाचा वाडगा बाजूला सारत) बिबीश, हिला चहा ओत.

कुल्झिपा : बोला ना, अक्साकाल. नुसतं बघण्यावरून?

ओराझाली : हो. ज्यूरीत बाकीची सगळी पोरं होती, माझ्या शब्दापुढे कोण बोलणार? मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. इतक्या वर्षांनी कुणीतरी माझा शब्द खाली पडू दिला नाही.

कुल्झिपा : आणि मी तुमची माफी मागत होते.

बिबीश : बस गं. बस इथे. पाणी देऊ का?

कुल्झिपा : तुमच्या एकट्याचं कुठे चुकलं? मीच लपवलं. लोक काय म्हणतील याची लाज मला पोरापेक्षा मोठी वाटली.

ओराझाली : वकील कुठे बसतो तुझा?

कुल्झिपा : पोस्टाशेजारी. का?

ओराझाली : ऊठ. वरच्या कोर्टात अजून जाता येतं. त्याचे कान तपासून घे म्हणावं, त्याला प्रश्नच कळत नव्हते म्हणावं. आणि मी काय बोललो तेही मी तिथे सांगणार.

बिबीश : अहो, शब्द दिलाय ना तुम्ही? तुमच्यावरच शेकेल. गावभर छी-थू होईल.

ओराझाली : होऊ दे. माझीच टोपी ना ती, मीच उतरवतो. नंतर तुरुंगातही जाईन, बाई. पोराच्या पाया पडेन, मान खाली घालून माफी मागेन.

कुल्झिपा : मान खाली घालू नका, अक्साकाल. त्याच्याकडे बघून बोला. नाहीतर त्याला कळायचं नाही.