कचेरीचा भोंगा आणि मैनाबाई

विषय : कचेरीच्या रेडिओचा भोंगा न वाजणे. संदर्भ : कापड्याच्या मैनाबाई.

त्या संध्याकाळी मैनाबाईंचा धोंडू, मुंबईच्या गिरणीतला कामगार, रेडिओवर दहा मिनिटं गाणार होता. अख्खं कापडे गाव पोलादपूरला, आमच्या कचेरीच्या अंगणात लोटलं होतं. रेडिओच्या मिस्त्रीने भोंगा जोडला आणि आवाजाचं बटण शेवटपर्यंत पिळलं. भोंगा नुसता कुजबुजला.

"बिघडला की काय?" मी ओरडलो. दोनच मिनिटं उरली होती!

"नाय हो भाऊसाहेब. सेट बनवलाय कानाच्या फोनासाठी. भोंग्याची जात वेगळी. दोघांचं जुळवायला मधे ट्रान्सफॉर्मर लागतो. तो नसला तर बटण कितीही पिळा, जोर भोंग्यात उतरत नाय."

"मग मागवला का नाहीस?"

"मागवला होता. तुम्हीच यादीत 'अनावश्यक' लिहून खोडलात."

मी घाईघाईने कानाचे फोन मैनाबाईंना चढवले. अख्खं अंगण त्यांच्याभोवती दाटलं!

"येतंय काय गो ऐकू?" गर्दीतून कोणी विचारलं.

"येतंय! माझा धोंडूच हाय!"

"काय गातोय?"

"सर्दी झालीय त्याला."

"अगो, गाणं सांग, गाणं!"

मैनाबाईंनी डोळे मिटले आणि त्याच्यामागोमाग गायला लागल्या. मागून कोणी म्हणालं, "मोठ्यानं गो!" तसा त्यांचा आवाज असा चढला की रस्त्यावरच्या बैलगाड्या थांबल्या.

मिस्त्रीने बटणावरचा हात काढला. "हे जुळलं बघा, भाऊसाहेब."

ट्रान्सफॉर्मरसाठी फेरअर्ज मी दुसऱ्याच दिवशी केला. मी निवृत्त झालो. अर्ज विचाराधीन आहे.